एक कोपरा हवा आहे, तीन आठवड्यांसाठी

भुरीच्या गळ्यात नायलॉनची दोरी होती. पिल्लू असताना कुणीतरी हौसेनं बांधलेली. हौस फिटली, पिल्लू रस्त्यावर आलं, दोरी तशीच राहिली. पिल्लू वाढलं, दोरी कशी वाढणार? आमच्या गल्लीत भुरी आली तोवर दोरी दिसेनाशी झाली होती. दिसायची ती गळ्याभोवतीची ओली फट आणि तिच्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. वास तर पार जिन्यापर्यंत.

तिच्यासाठी गल्लीतल्या पाच-सहा जणांनी फोन केले. मीही केला, पत्ता सांगितला आणि ऑफिसला निघून गेले. रेस्क्यूवाली मुलं दोनदा येऊन रिकाम्या हातानं परतली. दुखणाईत कुत्रं दडून बसतं. गाडीखाली, गटाराच्या पाइपात, जिथे हात पोचणार नाही तिथे. तिसऱ्या खेपेला त्यातला एक जण म्हणाला, "ताई, फोन सगळेच करतात हो. थांबत कुणी नाही."

म्हणून पहिली विनंती हीच, थांबा. मुलं येईपर्यंत लांब उभं राहून नजर ठेवा, लोकेशन पाठवा, बघ्यांना पांगवा. हात लावू नका. कळ आली की पाळलेलं कुत्रंही चावतं. चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. आणि कृपा करून आपल्या डब्यातली दुखण्यावरची गोळी पावात घालून त्याला देऊ नका. आपल्याला चालते ती कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

भुरी हाती लागल्यावर भूल देऊन डॉक्टरांनी दोरी काढली, ट्रेमध्ये टाकली. निळी होती. मग म्हणाले, "आता हिला घेऊन जा. रोज ड्रेसिंग, दोन वेळा गोळ्या, तीन आठवडे कोरडी जागा."

कुठे नेणार? शेल्टर भरलेलं. रस्त्यावर सोडावं तर उघड्या जखमेवर माशी बसते, अंडी घालते आणि दिवसभरात पुन्हा अळ्या. औषधं मिळतात, डॉक्टर मिळतात, वर्गणीही जमते. माझ्या पाहण्यातली निम्मी कुत्री अडतात ती जागेपाशी.

1832 साली मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती, दुकानं बंद ठेवली होती. मी तुमच्याकडे दंगल मागत नाही. जिन्याखालची चार फूट जागा मागते आहे.

आमच्या सोसायटीत ती मिळायला दोन मीटिंगा लागल्या. शेवटी तळमजल्यावरच्या काकांनी बंद पडलेल्या स्कूटरमागची जागा दिली. एक पोतं, जुनी गोधडी, पाण्याचं भांडं. पहिले आठ दिवस भुरी भिंतीकडे तोंड करून बसायची. कुणी झाडू उचलला की जागीच मुतायची. तिच्या पाठीवर काय काय बसलं असेल ते त्यावरून ओळखावं. बाराव्या दिवशी तिनं काकांची एक चप्पल पळवली. काकांनी शिव्या घातल्या, पण हसत.

ज्यांच्या घरात कुत्रं चावलेलं मूल आहे त्यांची भीती खोटी नाही. पण उपाशी, सडत्या जखमेचं कुत्रं अधिक धोक्याचं, की नसबंदी आणि रेबीजची लस झालेलं, माणसाला ओळखणारं? भटक्या कुत्र्यांविषयीच्या 2023 च्या नियमांतही पकडून नेलेल्या कुत्र्याची नसबंदी करून, लस टोचून त्याला त्याच्याच भागात परत सोडायचं असं सांगितलं आहे. भुरीच्या कानाला आता नसबंदीच्या खुणेची खाच आहे.

कुणी दगड मारताना, उकळतं पाणी टाकताना दिसलं तर व्हिडिओ घ्या आणि पोलीस चौकीत जा. 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. दोन वडापाव! पण कुत्र्याला जायबंदी केलं किंवा मारलं असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रारीत ते कलम आवर्जून लिहायला सांगा.

येत्या रविवारी तुमच्या बिल्डिंगची मीटिंग असेल, तर पार्किंगच्या भांडणानंतर पाच मिनिटं हा विषय काढा. वाड्यात राहत असाल तर परस बघा, गावी गोठ्याची रिकामी बाजू. ड्रेसिंग करायला मुलं येतात, शिकवतातही. तुम्ही फक्त कोपरा द्या.

काकांच्या स्कूटरमागे सध्या पाय मोडलेलं तांबडं पिल्लू आहे. कालच आणखी एकासाठी फोन आला.