बारीक मधुमेही आणि रागी मुद्दे

मधुमेहात वजन घटत असेल तर पहिला प्रश्न ताटाचा नसून साखरेचा असतो. इन्सुलिन अपुरे पडले की ग्लुकोज लघवीवाटे निघून जाते आणि शरीर स्वतःचे स्नायू व चरबी जाळू लागते. अशा वेळी ‘भात सोडा, रागी पोटभर खा, वजन आपोआप भरेल’ हा बेंगळुरूत घरोघरी मिळणारा सल्ला अपुरा आहे. रागी म्हणजे आपली नाचणी. तिच्यात कॅल्शियम भरपूर, पण 100 ग्रॅम पिठात प्रथिने जेमतेम 7 ग्रॅम आणि कर्बोदके 65 ग्रॅमांच्या वर. तिच्या पिठाचे शिजवलेले गोळे म्हणजे मुद्दे; ते तर न चावता, सारूत (पातळ आमटीत) बुडवून गिळायचे. दोन मोठे गोळे पोटात गेले की साखर चढणारच.

मुद्दे सोडायची गरज नाही. गोळा एकच, लहान घ्यावा. सोबत अवरेकाळूची (पावट्याची) किंवा मूग-मटकीची घट्ट उसळ, दही, चालत असल्यास अंडे. मधल्या वेळी मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, शेंगदाण्यांतून सुमारे 170 कॅलरी आणि 7 ग्रॅम प्रथिने मिळतात. स्नायू भरण्यासाठी वजनांचा व्यायामही हवा.

कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 मध्ये ‘टाइप 5’ म्हणून मान्यता दिली. बारीक मधुमेह्याची दखल वेगळी घ्यायला हवी, ती यासाठीच. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

— एक वाचक, बेंगळुरू