पाद्र्याच्या घरातली मुलगी

जॉन बकन म्हटलं की 'द थर्टी-नाइन स्टेप्स' आठवतं. १९१५ची कादंबरी. हिचकॉकने १९३५ साली तिच्यावर सिनेमा काढला आणि त्याच वर्षी बकनसाहेब कॅनडाचे गव्हर्नर जनरल झाले. त्यांची धाकटी बहीण ॲना मात्र फारशी कुणाला माहीत नसते. तीही कादंबरीकारच. भावाच्या नावाचा फायदा नको म्हणून तिने 'ओ. डग्लस' हे टोपणनाव घेतलं.

माझं मत विचाराल तर या भावंडांचं बालपणीचं घर समजून घ्यायला भावापेक्षा बहिणीला वाचावं.

वडील स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री. मुलांची सुरुवातीची वर्षं कर्कॉडीजवळच्या पाथहेडला गेली. लिनोलियमच्या कारखान्यांचा हा भाग. १८८८ साली वडील ग्लासगोच्या गोर्बल्स वस्तीतल्या चर्चमध्ये आले आणि बिऱ्हाड हललं. पाद्र्याचं घर म्हणजे आपलं रेल्वे क्वार्टरच. नोकरी आहे तोवर घर. फ्री चर्चचा तर जन्मच घर सोडण्यातून झाला. १८४३ साली साडेचारशेहून जास्त पाद्री तत्त्वासाठी जुनं चर्च, पगार आणि राहतं घर सोडून बाहेर पडले. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही त्याच बाजूला गेले.

इतिहासात त्या पाद्र्यांचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण घर सोडलं म्हणजे सामान कुणी बांधलं, नव्या जागी चूल कुणी पेटवली? चर्च पगार देई एकाला आणि राबे सगळं घर. रविवारची शाळा, आजाऱ्यांची विचारपूस, वेळीअवेळी येणाऱ्यांचा चहा, हे सगळं पाद्र्याच्या बायकोने आणि मुलीने करायचं, हे गृहीतच धरलेलं.

ॲनाने नेमकं हेच लिहिलं. १९१७च्या 'द सीटन्स'मध्ये ग्लासगोच्या विधुर पाद्र्याची मुलगी एलिझाबेथ घर चालवते. गोष्टीत पाठलाग नाही, हेर नाहीत. म्हणून अशा पुस्तकांना 'घरगुती' म्हणून बाजूला सारतात. मला हे पटत नाही. जॉनचे नायक माळरानावरून धावत सुटतात ते छानच, पण मागे कुणीतरी घर धरून बसलेलं असतं. त्या बसण्यालाही हिंमत लागते, आणि ती शब्दांत पकडणं तर अजून कठीण.

आज पीबल्सला जॉनच्या नावाचं संग्रहालय आहे. ॲनाने भाऊ वॉल्टरबरोबर आयुष्य काढलं आणि १९४८ साली शेवटचा श्वास घेतला तो याच गावात. तिच्या कादंबऱ्यांतलं 'प्रायर्सफर्ड' म्हणजे हेच पीबल्स.

'द सीटन्स' प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. सवडीने वाचून पाहा, आणि मग सांगा 'घरगुती' ही शिवी आहे का ते.