चुकीमागच्या चुका

एखादे छोटे विमान उतरताना कोसळले, की चौकशीचा निष्कर्ष बहुधा एकाच दिशेने जातो : वैमानिकाचे कौशल्य कमी पडले. हा निष्कर्ष खोटा नसतो. पण त्यावरच थांबले, तर पुढचा अपघात टाळण्यासाठी हाती फारसे काही लागत नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात ९ जून २०१६ रोजी झालेला अपघात या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

ओक्लाहोमातून निघालेले 'सिरस एसआर-२०' हे एका इंजिनाचे विमान त्या दिवशी दुपारी तेथील गजबजलेल्या हॉबी विमानतळावर उतरणार होते. विमानात महिला वैमानिकासह तिघे होते. मागून अधिक वेगाने बोइंग ७३७ येत असल्याने नियंत्रण कक्षाने पहिला प्रयत्न सोडून देण्यास सांगितले. मग धावपट्टी बदलली. नव्या धावपट्टीवर विमान दोन्ही वेळा प्रमाणापेक्षा उंच राहिले. अखेरचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाताना ते एका दुकानाच्या वाहनतळावर कोसळले. तिघेही मृत्युमुखी पडले.

उतरताना पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली केलेले असतात. त्यामुळे कमी वेगातही विमान तरंगू शकते. उतरणे रद्द केल्यास आधी इंजिनाची पूर्ण शक्ती, मग पुरेसा वेग आणि त्यानंतरच फ्लॅप पूर्ण मिटवणे, हा क्रम पाळावा लागतो. येथे वेग येण्यापूर्वीच फ्लॅप मिटले गेले. पंखांना मिळणारा हवेचा आधार तुटला आणि विमान गिरकी घेऊन खाली आले. सावरण्यापुरती उंचीच उरली नव्हती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या चुकीच्या क्रमालाच अपघाताचे मुख्य कारण ठरविले. मात्र मंडळ तेवढ्यावर थांबले नाही. विमानाला गर्दीच्या घेऱ्यातच फिरवत ठेवण्याचा नियंत्रकाचा निर्णय, ऐन मोक्याच्या क्षणी दिलेली गुंतागुंतीची सूचना आणि वैमानिकाने न दाखविलेला ठामपणा, यांचीही नोंद अहवालाने घेतली. थकवणाऱ्या तीन फेऱ्यांनंतर हात चुकला, हे खरे. पण त्या फेऱ्या एकट्या वैमानिकाने ओढवून घेतल्या नव्हत्या.

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. बारामती, गोंदिया, धुळे येथे असे प्रशिक्षण चालते. तासांची बेरीज पूर्ण होणे आणि हात तयार होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उतरणे रद्द करण्याचा सराव दमलेल्या, गोंधळलेल्या अवस्थेतही चुकणार नाही इतका घटवून घेणे आणि 'मला जमणार नाही, थोडा वेळ द्या' असे नियंत्रकाला सांगण्याचे धैर्य शिकविणे, हाही अभ्यासक्रमाचाच भाग मानला पाहिजे. विमान सुखरूप उतरविण्याइतकेच, न उतरविण्याचा निर्णय सुखरूप पार पाडणे हेही वैमानिकाचे कौशल्य आहे.