बळीचं वजन

15 मार्च 2001 ला चहापानानंतर ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकरने गिलख्रिस्ट, हेडन आणि वॉर्न या तिघांना पायचीत केलं. गिलख्रिस्टला पहिल्याच चेंडूवर, वॉर्नला गुगलीवर. ऑस्ट्रेलिया 3 बाद 166 वरून 8 बाद 174! हरभजनचे 6 बळी मोठेच, पण या तिघांवाचून सामना हातून निसटला असता. तरीही सचिनची कसोटीतली गोलंदाजीची सरासरी 54.17. सरासरीच्या लेखी हेडन आणि अकराव्या क्रमांकाचा फलंदाज सारखेच. बेसबॉलवाले शहाणे झाले: 2010 मध्ये पिचर फेलिक्स हर्नांडेझला 13 विजय आणि 12 पराभव असूनही सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, कारण नुसते विजय न मोजता त्याची प्रत्यक्ष कामगिरी तोलली गेली. आपणही प्रत्येक बळी बाद झालेल्या फलंदाजाच्या दर्जाने आणि सामन्यातल्या वेळेने तोलायला हवा.