घारापुरीला राजधानीच्या प्रमाणपत्राची गरज नाही

१/ अंबरनाथच्या शिवमंदिरावर धागा निघाला की त्याखाली एक वाद ठरलेलाच: शिलाहारांची ‘पुरी’ कोणती, घारापुरी की राजपुरी? मंदिरातील शके ९८२ (इ.स. १०६०) चा शिलालेख अभिमानाने मिरवणारे आपण अंबरनाथ-बदलापूरकर त्यात हिरिरीने उतरतो. माझा आक्षेप वादावर नाही. त्या वादातून बेटावरची माणसे गाळली जातात, यावर आहे.

२/ आधी पुरावे. इ.स. ६३४ ची ऐहोळे प्रशस्ती दुसऱ्या पुलकेशीच्या आरमाराने पुरीवर केलेली स्वारी वर्णिते आणि पुरीला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणते. शिलाहार ताम्रपटांत कोकण म्हणजे पुरीप्रमुख १४०० गावे.

३/ ‘एवढेसे बेट राजधानी कसे?’ असे विचारणारे बंदराचे मोल जमिनीच्या मापाने करतात. पण पुरी अन्यत्र ठरली, तरी घारापुरी उणी होत नाही. येथे पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूप आहे, पश्चिमेस सहाव्या शतकातील शैव लेणी आहेत. आणि गावे तीन: शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. तिन्हींच्या नावांतच बंदर!

४/ आपल्या धाग्यांत मात्र बेटाची कथा पोर्तुगिजांपाशी संपते. भातशेती, मासेमारी, होड्यांची दुरुस्ती आणि आता पर्यटन यांवर जगलेली हजार-बाराशे वस्तीची ग्रामपंचायत कोणाच्या लेखी नाही. बेट रायगडच्या उरण तालुक्यात, पण आपल्यासाठी ते ‘मुंबईदर्शन’.

५/ लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली. समुद्राखालच्या साडेसात किलोमीटर केबलने गावांत वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. मधली ३१ वर्षे संध्याकाळचे काही तास डिझेल जनरेटर!

६/ ‘ही बातमी झाली, इतिहास नव्हे,’ असे कोणी म्हणेल. मग शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटातील जकातमाफी इतिहास कशी? तीही राज्यसत्तेने कोणाला काय दिले, याचीच नोंद आहे. तांब्यावर कोरले म्हणजे इतिहास, आणि केबलमधून आले म्हणजे बातमी, हा न्याय कुठला?

७/ उल्हासनगरची ओळख कोणी ‘कॅम्प’ या एका शब्दात उरकली, तर आपल्याला झोंबते. फाळणीनंतर लष्करी छावणीत येऊन ज्यांनी शहर उभे केले, त्यांचे श्रम त्या शब्दात मावत नाहीत. घारापुरीला ‘लेणी’ म्हणून उरकताना आपण तेच करतो.

८/ पुरीचे स्थान आणखी शंभर वर्षांनीही शोधता येईल. कंदिलाच्या उजेडात वाढलेल्या बेटकऱ्यांच्या आठवणी मात्र आजच नोंदवाव्या लागतील.