परवान्याच्या तराजूत देणगीचे वजन

उत्तर आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लार्न लॉक या खाडीच्या तळाखाली नैसर्गिक वायू साठविण्याच्या योजनेला मिळालेला सागरी परवाना तेथील अपील न्यायालयाने जून २०२४ मध्ये अवैध ठरविला. हा वाद आपल्यापासून दूरचा असला, तरी त्या निकालाचा बोध दूरचा नाही.

खाडीखाली एक किलोमीटरहून अधिक खोलीवर मिठाचे जाड थर आहेत. समुद्राचे पाणी सोडून ते विरघळवावयाचे, अशा रीतीने सात प्रचंड पोकळ्या कोरावयाच्या आणि त्यांत सुमारे ५० कोटी घनमीटर वायू साठवावयाचा, अशी ही योजना. विरघळलेले मीठ अर्थातच समुद्रात परत जावयाचे. असे अतिखारट पाणी जड असल्याने तळाशी बसते. तेथील जीवसृष्टीची काय गत होईल, हा किनाऱ्यावरील रहिवाशांचा सवाल होता. २०२१ मध्ये पर्यावरण खात्याचे तत्कालीन मंत्री एडविन पूट्स यांनी परवाना दिला. रहिवासी व पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेल्या, २०२३ मध्ये हरल्या आणि अपिलात जिंकल्या.

ही योजना घातकच आहे, असे न्यायालयाने म्हटलेले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याने दोष दाखविला तो निर्णयाच्या रीतीत. इतका महत्त्वाचा व वादग्रस्त विषय मंत्र्यांनी संपूर्ण मंत्रिमंडळापुढे ठेवावयास हवा होता. तो ठेवला नाही. शिवाय कंपनीने स्थानिक लोकांसाठी देऊ केलेला निधी त्यांनी विचारात घेतला; वस्तुतः परवान्याच्या प्रश्नाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

हा दुसरा दोष आम्हांस अधिक गंभीर वाटतो. प्रस्तुत लेखकाने पूर्वायुष्यात शाळेत उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. विद्यार्थ्याच्या वडिलांनी शाळेला किती देणगी दिली, हे पाहून गुण द्यावयाचे नसतात, हे तेथील साध्या शिक्षकासही कळते. देणगी चांगली असेल. पण तिने गणिताचे उत्तर बरोबर ठरत नाही.

वायूच्या साठ्याची गरज खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर युरोपने इंधनाच्या चिंतेत कसा हिवाळा काढला, हे जगाने पाहिले आहे. परंतु गरज जितकी निकडीची, तितकी परीक्षा कडक असावयास हवी. कारण घाईत दिलेला परवाना पुढे न्यायालयात टिकत नाही आणि मग वर्षेही जातात व विश्वासही जातो.

आपल्या देशात विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथे खडकांत कोरलेल्या गुहांत कच्च्या तेलाचा साठा केला जातो. उद्या वायूचीही पाळी येईल. आपल्याकडील जनसुनावण्यांतूनही शाळेची इमारत, दवाखाना, रस्ता यांची आश्वासने ऐकू येतात. ती अवश्य पाळली जावीत. पण भूजलाचे काय, मासेमारीचे काय, या प्रश्नांची उत्तरे म्हणून ती कोणी स्वीकारू नयेत. परवाना देणारा अधिकारी हा विश्वस्त आहे. त्याच्या तराजूत देणगीचे वजन पडू लागले, की समुद्राचे पारडे नेहमीच हलके ठरणार.