दऱ्यांचा दर्या कोणी केला?

एका जुन्या मराठी प्रवासवर्णनाची संगणकीय प्रत काही विद्यार्थ्यांच्या साह्याने आम्ही तयार करीत होतो. मुद्रित पुस्तकाबरहुकूम टंकन करावे, मग त्यावरून शब्दसूची सिद्ध करावी, एवढाच माफक बेत होता. अर्धेअधिक काम झाल्यावर मुद्रिते वाचणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सह्याद्रीच्या माथ्यावर दर्या कुठून आला?" पाहतो तो ‘दऱ्या’ या शब्दाचा जागोजागी ‘दर्या’ झालेला. पुढच्याच प्रकरणात मेजवानीनंतर आचाऱ्यांना मिळालेली बक्षिसे आचार्यांना मिळत होती. विनोद म्हणून हे खपून गेले असते. पण शब्दसूचीत समुद्राचे उल्लेख वाढले होते, दऱ्यांचे घटले होते आणि लेखकाच्या निसर्गदृष्टीविषयी आम्ही त्याच सूचीच्या आधारे एक टिपणही लिहावयास घेतले होते.

आमचा पहिला संशय अर्थातच माणसावर गेला. बिघडलेली पाने बहुतांशी एकाच विद्यार्थ्याने टंकलेली होती. आम्ही त्याला बोललो. त्याने शांतपणे आपल्या यंत्रावरची मूळ फाइल उघडून दाखविली. तीत सगळ्या दऱ्या शाबूत होत्या.

या घटनेवरून आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते आरंभीच सांगतो. संहितेशी ज्याचा नित्य संबंध येतो, त्याने आपले लेखनसाधन आतून उघडून पाहता येईल असे निवडावे. ते आपल्या गरजेनुसार जरूर घडवावे. पण स्वतः केलेल्या प्रत्येक बदलाकडे लिपिकाराच्या हस्तक्षेपाकडे पाहावे तितक्याच संशयाने पाहावे.

आम्ही वापरतो ते साधन म्हणजे ईमॅक्स. हा प्रोग्रामर मंडळींचा टेक्स्ट एडिटर. त्याचा जन्म १९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत, ‘टेको’ नावाच्या आधीच्या एडिटरसाठी लिहिलेल्या छोट्या आज्ञावलींच्या संग्रहातून झाला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ही त्यामागची प्रमुख नावे. आज प्रचलित असलेला ग्नू ईमॅक्स १९८५ पासून सर्वांस उपलब्ध आहे. त्याचा गाभा सी भाषेत आहे, पण बहुतेक भाग लिस्प या भाषेत लिहिलेला आहे आणि तो चालू असतानाच वापरणाऱ्यास बदलता येतो. कोणतीही कळ काय करते हे त्यालाच विचारता येते आणि त्यामागची आज्ञावलीही वाचता येते. आमच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण हाच. अक्षरे ठळक करून देणारी साधने पुष्कळ आहेत. अक्षर कशाचे बनले आहे हे सांगणारी थोडी.

कर्सर एखाद्या अक्षरावर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचे चिन्ह इतके दाबले की ईमॅक्स त्या अक्षराची कुंडली मांडतो. त्या विद्यार्थ्याच्या फाइलीतील ‘ऱ्या’ची कुंडली पाहिली, आणि उलगडा होऊ लागला. मराठीतला हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र वर्णचिन्ह घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते निरनिराळे शब्द. दुसऱ्या रीतीतले अदृश्य चिन्ह गळाले की उरतो साधा र आणि हलन्त, आणि त्याचा तत्काळ रफार होतो. दऱ्यांचा दर्या होतो तो असा. त्या विद्यार्थ्याचा कळफलक दुसरी रीत वापरीत होता, बाकीच्यांचे पहिली.

मग ते चिन्ह गाळले कोणी? विद्यार्थ्याची प्रत शुद्ध, आमची भ्रष्ट. तेव्हा दोष मधल्या दुव्यात असणार. वंशवृक्ष मांडणाऱ्या पाठचिकित्सकाला हा तर्क शिकवावा लागत नाही. शुद्ध फाइल आमच्या ईमॅक्समध्ये उघडून नुसती जतन केली, तर ती बिघडली. मग ईमॅक्स त्याच्या ‘क्यू’ या पर्यायासह सुरू केला. तसे केले की आपण केलेली कोणतीही जुळवाजुळव तो वाचत नाही, कोऱ्या अवस्थेत उभा राहतो. तीच फाइल पुन्हा उघडली, जतन केली. बिघडली नाही. अपराधी ईमॅक्स नव्हता. आमची आरंभ-फाइल होती.

ही आरंभ-फाइल म्हणजे वापरणाऱ्याने कालौघात साठविलेल्या आपल्या सवयींची वही. आमची चारशे ओळींची झाली होती. काही ओळी आमच्या, काही इकडून तिकडून उतरून घेतलेल्या, काही का आहेत ते आम्हांलाही न आठवणाऱ्या. अशा वेळी ओळीमागून ओळ तपासू नये. फाइलीचा अर्धा भाग निष्क्रिय करावा आणि दोष राहतो का पाहावे. राहिला तर तो उरलेल्या अर्ध्यात आहे, गेला तर निष्क्रिय केलेल्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. चारशे ओळींतून एका ओळीपर्यंत पोहोचण्यास फार तर नऊ फेऱ्या लागतात.

नवव्या फेरीच्या आधीच ती ओळ सापडली. महाजालावरून उतरविलेल्या मजकुरात नको असलेली अदृश्य चिन्हे फार येतात, म्हणून कधीकाळी आम्हीच सोय करून ठेवली होती: प्रत्येक फाइल जतन करण्यापूर्वी अशी सर्व चिन्हे काढून टाकावीत. सर्व! त्यांत हे जोडचिन्हही होते. आम्ही लिहिले, विसरलो आणि एका निरपराध मुलाला बोललो. त्याची क्षमा मागितली, हे वेगळे सांगावयास नको.

नुकसान मात्र भरून येण्याजोगे नव्हते. ईमॅक्स फाइल उघडल्यानंतरच्या पहिल्या जतनाच्या वेळी आधीची प्रत बाजूला ठेवतो. पण मूळ मांडणीत अशी एकच प्रत राहते आणि पुढच्या खेपेस तिच्यावर नवी बसते. विद्यार्थ्याने स्वतःच्या यंत्रावर टंकलेली पाने परत मिळाली. त्याने आमच्या यंत्रावर टंकलेली सत्तावीस पाने पुन्हा पुस्तकाशी ताडावी लागली. ‘र्या’ दिसेल तेथे ‘ऱ्या’ करा, असा उफराटा नियम चालविता येत नव्हता, कारण पुस्तकात खरे आचार्यही होते आणि कोकणातल्या प्रकरणात खरा दर्याही. यंत्राने क्षणात केलेली चूक वाक्य समजणाऱ्या वाचकालाच सुधारता आली.

येथे आमच्या परंपरेची आठवण होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. वि. स. सुखटणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत निवडलेला पाठ वर आणि पाठभेद खाली येतात. एखाद्या पाठाची खात्री वाटत नसेल तर त्याखाली नागमोडी रेघ असते. संपादकाने निर्णय घ्यावा, पण घेतला हे लपवू नये, असा तो दंडक आहे. आमच्या त्या ओळीने नेमके उलट केले. तिने शेकडो पाठ बदलले आणि एकाही नागमोडी रेघेची खूण ठेवली नाही.

यावर कोणी म्हणेल की साहित्याच्या अभ्यासकाने या भानगडीत पडावेच कशाला; नेहमीचा वर्ड प्रोसेसर पुरेसा आहे. आमचे म्हणणे असे की हस्तक्षेप तेथेही होतो. तो आपोआप अवतरणचिन्हे वळवितो, शब्द ‘सुधारतो’. त्या सोयी बंद करता येतात, पण त्यांच्या आत शिरून वाचता येत नाहीत. आमच्या बाबतीत अपराधी आम्ही होतो, तरी पुरावा आमच्याच हाती होता, हा फरक लहान नव्हे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: एडिटर सजविण्याच्या नादात लिहिणे राहून जाते. रंगसंगती बदलण्यात आमच्याही कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत. त्या व्यर्थच होत्या.

मात्र काही बदल संहितेसाठीच असतात. स्त्री हा शब्द पुसताना एक कळ फक्त वेलांटी काढते आणि दुसरी सबंध जोडाक्षर. यातली कोणती केव्हा हवी, हे मराठी लिहिणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. २०२३ मध्ये आलेल्या एकोणतिसाव्या ईमॅक्समध्ये, कर्सर जोडाक्षरावर आला की ते तात्पुरते सुटे करून दाखविण्याचीही सोय आहे. अशा गोष्टी अवश्य कराव्यात.

आम्ही स्वतःपुरते चार नियम केले आहेत. आरंभ-फाइलीतील प्रत्येक ओळीवर ती का आणि केव्हा लिहिली याची टीप ठेवावी. जतन करताना आपोआप काहीही बदलू नये. ‘ऱ्या’च्या दोन्ही रीती शोधताना एक मानाव्यात, फाइलीत मात्र आहेत तशा राहू द्याव्यात. आणि जुन्या प्रती क्रमांक देऊन साठवाव्यात. ईमॅक्सला तसे सांगता येते. पाठसंपादनाच्या वर्गात हस्तलिखितांबरोबर हेही शिकविले जावे असे आम्हांस वाटते.

निसर्गदृष्टीवरचे ते टिपण आम्ही मागे घेतले. नवी शब्दसूची तयार आहे. तीत दऱ्या जास्त आहेत आणि दर्या फक्त कोकणात आहे.